रिकामा डबा परत देऊ नये

'सुरतनुं जमण अने काशीनुं मरण' अशी गुजरातीत एक म्हण आहे. यजमानांच्या नोकरीमुळे बेळगाव सोडून सुरतेला गेले तेव्हा वाटलं होतं, ही म्हण उंधियू, घारी आणि लोचोसाठीच असणार. पुढे कळलं, तिथं जेवणाआधी प्रश्न येतो. दारात आलेल्याला 'जम्या?' असं विचारतात. आपल्याकडे 'ऊटा आतेनु?' विचारतात, अगदी तसंच.

सुरत हे बाहेरून आलेल्यांचं गाव. यंत्रमाग आणि हिऱ्यांच्या कारखान्यांनी माणसं ओढून आणली. लिंबायत, उधना भागात खानदेशातली पुष्कळ कुटुंबं राहतात. महापालिकेच्या शाळा गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू माध्यमांच्याही आहेत. पण कामाच्या धबडग्यात समोरच्या इमारतीत कोण राहतं, हे वर्षानुवर्षं कळत नाही.

आम्हाला ते ऑगस्ट २००६ मध्ये कळलं. उकाई धरणातून प्रचंड पाणी सोडावं लागलं आणि तापी शहरात शिरली. बहुतेक सुरत पाण्याखाली गेली. आम्ही अडाजणला पहिल्या मजल्यावर. खाली पुरुषभर पाणी, वीज नाही, फोन बंद. धाकटा आठ महिन्यांचा, वरच्या दुधावर. तिसऱ्या दिवशी दुधाची पावडर संपली. रडणाऱ्या बाळाला घेऊन मी गच्चीत फेऱ्या मारत होते.

मधल्या बोळापलीकडच्या गच्चीवरून एका म्हाताऱ्या बाईंनी हातानंच विचारलं, काय झालं? मी रिकामी बाटली दाखवली. थोड्या वेळानं त्यांच्याकडच्या मुलानं दोरीचं टोक आमच्याकडे फेकलं आणि त्यावरून एक पिशवी सरकत आली. आत स्टीलचा डबा, त्यात दुधाची पावडर. शेजारी उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली. पाणीही लागेल, हे त्यांना न सांगता कळलं होतं.

पूर ओसरला, चिखल निघाला. रिकामा डबा परत देऊ नये, ही आपली रीत. बेळगावहून कुंदा आला, तेव्हा तो भरून मी डबा घेऊन गेले. बाई डब्याकडे बघतच राहिल्या. त्या दिवसांत जिथं तान्हं मूल दिसलं तिथं त्यांनी असा डबा धाडला होता. कुठला कुणाकडे गेला, हे त्यांच्या लक्षातच नव्हतं. घेणाऱ्याला मात्र डब्यावर कोरलेलं गुजराती अक्षरन् अक्षर पाठ झालं होतं!

वाचकहो, अशा देण्याची फेड करायची कशी? कुंदा देऊन ती होत नाही, हे मला त्याच दिवशी कळलं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि घटप्रभेच्या पुरानं आपल्याच जिल्ह्यातली गावं पाण्यात गेली, तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायकांनी भाकऱ्या थापल्या. मी त्यांच्याबरोबर दुधाची पावडर आणि उकळलेलं पाणी बांधून दिलं. कुणाच्या बाळाला मिळालं, ठाऊक नाही. विचारलंही नाही.

आठ महिन्यांचा तो आमचा मुलगा आता मिशा राखतो. घरी कुणी आलं की त्याच्या तोंडून आधी 'जेवलात का?' किंवा 'ऊटा आतेनु?' निघतं, नाव-गाव मागाहून.

तुमच्याही घरी असा कुणाचा डबा राहिला असेल. त्या घरचा पत्ता सापडला नाही, तर तो भरून दुसऱ्या दारी द्या.