पनवेलच्या वर्गातले शेजारी

बहुसांस्कृतिक शिक्षणाचे साहित्य पनवेलच्या प्राथमिक शिक्षकांना गावातच मिळते. तालुक्यात आगरी, कोळी, कातकरी, ठाकूर आणि कोकणी मुसलमान पूर्वापार राहतात. सिडकोच्या वसाहतींमुळे परप्रांतीय कुटुंबेही आली. वेशभूषा स्पर्धेत मुलांना कोळी पोशाख चढवणे हा या शिक्षणाचा सर्वांत स्वस्त प्रकार, आणि अर्थातच सर्वांत लोकप्रिय. खरे काम परिसर अभ्यासाच्या तासाला होते. उदाहरणार्थ, बेने इस्रायली ज्यूंचे १८४९ मधले बेथ एल सिनेगॉग पनवेलमध्येच आहे. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्या या समाजाला कोकणात ‘शनवार तेली’ म्हणत. एवढ्या तपशिलातून धर्म, धंदा आणि आठवड्याची सुट्टी, तिन्ही उलगडतात. रानभाज्या, खेकडे, पाखरे यांबाबत कातकरी मूल बहुधा गुरुजींपेक्षा जाणते असते. पहिलीत त्याला गप्प करते ती पुस्तकी मराठी. शिक्षण शक्यतो मातृभाषेतून द्यावे, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ सांगते. तेव्हा सुरुवातीला घरच्या बोलीतले शब्द फळ्यावर यायलाच हवेत. दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघालेल्या आईबापांबरोबर हीच कातकरी मुले वर्गातून नाहीशी होतात. त्यांना भट्टीजवळच्या शाळेत बसवून देणारा शिक्षक दहा स्नेहसंमेलनांपेक्षा जास्त काम करतो.