समजून घ्या : हेलिकॉप्टरला उचलणारं ‘शक्ती’ इंजिन आहे तरी काय?

निवडणूक आली, की शिरूर-दौंडच्या मैदानांवर हेलिपॅडसाठी पाणी मारलं जातं आणि धुरळ्यात मोबाइल वर होतात. पण वरचा तो पंखा फिरतो कशाने?

टर्बोशाफ्ट इंजिनाने. दाबलेल्या हवेत इंधन जळतं. तापलेला वायू आधी कॉम्प्रेसरचं टर्बाइन फिरवतो आणि मग वेगळ्या शाफ्टवरचं दुसरं टर्बाइन. या दुसऱ्याची ताकद गिअरबॉक्समधून पंख्याला मिळते.

एचएएल आणि फ्रान्सची टर्बोमेका (आताची साफ्रान) यांनी मिळून विकसित केलेलं ‘शक्ती’ याच प्रकारातलं. फ्रान्समध्ये या कुटुंबाचं नाव आर्डिडेन. ध्रुव, रुद्र आणि प्रचंडमध्ये अशी दोन इंजिनं असतात, हलक्या एलयूएचमध्ये मात्र एकच.

खरी कसोटी सियाचिनला. २० हजार फुटांवर हवेची घनता जवळपास निम्मी होते, त्यामुळे इंजिनाची ताकद घटते आणि पंख्यालाही कमी हवा मिळते. जखमी जवानाला उचलायचं की इंधन जास्त घ्यायचं, हा हिशेब तिथे किलोत होतो. दौंडच्या मे महिन्यातल्या उन्हातही सूत्र तेच, फक्त फरक कमी.

५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळून तिघे गेले. समाजमाध्यमांवर लगेच इंजिनाला दोष दिला गेला. प्राथमिक तपासात मात्र स्वॉशप्लेट, म्हणजे पात्यांचा कोन बदलणारा भाग, तुटल्याचं समोर आलं.

या इंजिनांच्या देखभालीसाठी एचएएल-साफ्रानची संयुक्त कंपनी गोव्यात आहे.