जुन्या हॉटेलांची आठवण येते, पण कुणाला आणि कसली?

सोलापूर-धुळे महामार्ग चौपदरी झाला आणि आपल्या धाराशिव जिल्ह्यातली रस्त्याकडेची जुनी हॉटेलं एकेक करून गेली. काही रुंदीकरणात पाडली गेली, काहींचं गिऱ्हाईक बायपासने तोडलं. पत्र्याचं छप्पर, पुढे भट्टी, काचेच्या बरण्यांत शेव-चिवडा, परातीत भजी आणि एसटी थांबली की उडणारी झुंबड, हे चित्र आता तामलवाडीपासून येडशी-पारगावपर्यंत शोधावं लागतं. त्याजागी टोलनाका आणि काचेचे फूड प्लाझा आले.

साहजिकच आठवणींना भरती आली आहे. पन्नाशी-साठीतली मंडळी हळहळतात. चहाची चव, पितळी पेले, कंडक्टरची ‘दहा मिनिटं थांबेल’ ही हाक, सगळं निघतं. त्यावर आमचा आक्षेप नाही. पण या गप्पांत हटकून एक वाक्य येतं: ‘तेव्हा जातपात कुणी बघत नव्हतं, सगळे एकाच बाकावर बसायचे.’ इथे आम्ही थांबतो. कोण सगळे?

कामानिमित्त आम्ही कळंब, वाशी, भूम, तुळजापूर तालुक्यांतल्या वस्त्यांमध्ये फिरतो. सत्तरी-ऐंशीतल्या आजोबांना गावातल्या जुन्या हॉटेलाबद्दल विचारलं की ते चवीबद्दल बोलत नाहीत, कपबशीबद्दल बोलतात. आपल्या माणसांची कपबशी वेगळी असायची. कान तुटलेला कप हॉटेलाच्या मागे वळचणीला खोचलेला असायचा. तो आपणच काढायचा, वरून ओतलेल्या पाण्याने विसळायचा आणि पुढे धरायचा. चहाही वरूनच ओतला जायचा. बाहेर उकिडवं बसून प्यायचा, कप धुवायचा, परत वळचणीला खोचायचा. पैसे हातात द्यायचे नाहीत, खाली ठेवायचे. आज्यांना विचारलं तर त्यांच्याकडे एवढीही आठवण नाही. बाईमाणसाने हॉटेलात जायचंच नसे. पुरुष वळचणीला चहा पीत, बाया डोक्यावर ओझं घेऊन झाडाखाली थांबत.

आता कुणी म्हणेल, हे गावातल्या हॉटेलाचं झालं, हमरस्त्यावर असं नव्हतं. हे बऱ्याच अंशी खरं आहे, आणि मुद्दा तिथेच आहे.

गावातल्या हॉटेलवाल्याला आपला बाप माहीत असतो, आजा माहीत असतो. एसटीच्या थांब्यावरच्या हॉटेलवाल्याला ते माहीत नसतं. पन्नास माणसं एकदम उतरतात, दहा मिनिटांत सगळ्यांना चहा द्यायचा असतो. तिथे प्रत्येकाची जात विचारत बसला तर धंदा बुडेल. त्यामुळे आपल्या कित्येक बापजाद्यांनी आयुष्यात पहिल्यांदा इतरांसारख्याच कपातून चहा प्यायला तो अशा अनोळखी थांब्यावर. म्हणून त्या हॉटेलांबद्दल आपल्यालाही काही वाटतं आणि वाटायलाही हवं. पण त्या बाकावर जागा मिळाली ती मालकाच्या मनाच्या मोठेपणामुळे नव्हे. रस्ता, तिकीट आणि कायदा या तीन गोष्टींनी ती मिळवून दिली.

कायद्याचं नीट आठवू. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. २६ जानेवारी १९५० पासून संविधान लागू झालं. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली हे आपल्याला पाठ असतं, पण कलम १५ चा दुसरा भाग कमी वाचला जातो. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही अडवता येणार नाही, असं ते सांगतं. संविधानात हॉटेलाचं नाव का आलं असेल? कारण मसुदा समितीचा अध्यक्ष असा माणूस होता, ज्याला हॉटेल-धर्मशाळेच्या दारात काय होतं ते स्वतःच्या अंगावर माहीत होतं.

१९१७ साली बाबासाहेब परदेशात शिकून बडोदा संस्थानाच्या नोकरीत गेले. हिंदूंच्या हॉटेलात जागा मिळणार नव्हती. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढलं. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये हा प्रसंग त्यांनीच लिहिला आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या माणसाला एका रात्रीची खोली मिळत नव्हती. ज्यांना जुन्या मुक्कामाच्या जागांचं कौतुक आहे, त्यांनी हा मुक्कामही आठवावा.

ही गोष्ट फक्त आपली नाही. अमेरिकेत हॉवर्ड जॉन्सन्स नावाची हॉटेल-मोटेलांची मोठी साखळी होती. हमरस्त्यावर केशरी छप्पर, २८ चवींचं आईस्क्रीम, आणि गावोगाव तीच चव. १९२५ मध्ये सुरू झालेल्या या साखळीचं शेवटचं रेस्टॉरंट २०२२ मध्ये बंद झालं, तेव्हा तिथेही लोक असेच हळहळले. पण १९५७ मध्ये डेलावेअर राज्यातल्या त्यांच्याच एका रेस्टॉरंटमध्ये घाना देशाचे अर्थमंत्री ग्बेडेमा संत्र्याचा रस प्यायला गेले, तेव्हा काळ्या माणसाला इथे बसून पिता येणार नाही असं त्यांना सांगण्यात आलं. बोभाटा झाल्यावर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना त्यांना न्याहारीला बोलवावं लागलं. १९६२ मध्ये ‘कोअर’ या संघटनेच्या कार्यकर्त्यांनी याच साखळीच्या हॉटेलांपुढे आंदोलनं केली, अटका करवून घेतल्या. त्या काळी काळी कुटुंबं प्रवासाला निघताना ‘ग्रीन बुक’ बरोबर ठेवत. कुठल्या गावात आपल्याला जेवण आणि खोली मिळेल याची ती यादी होती. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर तिची गरज संपत गेली.

आपल्याकडे हाच हक्क संविधानाने १४ वर्षं आधी दिला. १९५५ मध्ये अस्पृश्यता (गुन्हे) कायदा आला, १९७६ मध्ये तो नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. तरी वळचणीची कपबशी कित्येक गावांत पुढे बरीच वर्षं राहिली. सत्तरच्या दशकात बाबा आढावांना ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम काढावी लागली, यावरून काय ते समजा. कायदा कागदावर होता. त्याला गावात उतरवायला माणसं लागली.

‘जुन्या जखमा कशाला उकरता?’ असं आम्हाला विचारतात. उत्तर सोपं आहे. आठवणी सांगायला सुरुवात तुम्ही केलीत. तुमची आठवण संस्कृती आणि आमची आठवण जखम, ही वाटणी आम्हाला मान्य नाही. सांगायचं तर दोन्ही सांगू.

आणि प्रश्न जुनाही झालेला नाही. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरच्या हॉटेल-ढाब्यांवर मालकाची नावं लावण्याचे आदेश निघाले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. ढाब्यावर चहा मागण्याआधी ‘नाव काय?’ हा प्रश्न पुन्हा दारात उभा राहिला होता.

आपल्या जिल्ह्यात बघा. ढाब्यावर उस्मानाबादी शेळीचं मटण चवीने खाल्लं जातं. ती शेळी पाळणाऱ्या भूमिहीन बाईच्या हातात त्यातलं किती येतं? भांडी घासणारी, रात्री दोनला टेबल पुसणारी पोरं कुठल्या वस्तीतली आहेत? आणि गल्ल्यावर कोण बसलंय? पूर्वी आपण हॉटेलाच्या मागे वळचणीला होतो. आज मोरीवर असू, तर फार पुढे आलो असं म्हणता येईल का?

म्हणून आमचं तरुणांना सांगणं तीन गोष्टींचं आहे.

पहिली, आपल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी नोंदवा. मोबाईल सगळ्यांकडे आहे. कुठलं गाव, कपबशी कुठे असायची, ती कधी बंद झाली, कुणी बंद पाडली, हे विचारा. आपल्याच जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्यात फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदार परिषदेसाठी बाबासाहेब आले होते. ते गावातल्या शाळेत राहिले, ही आठवण लोकांनी सांगत ठेवली म्हणून टिकली. कपबशीची आठवण मात्र पाच-दहा वर्षांत आजोबांबरोबर जाईल. मग एकाच बाकाची गोष्ट तेवढी उरेल.

दुसरी, महामार्गावर वाटा मागा. पेट्रोल पंपाच्या डीलरशिपमध्ये अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण आहे. मग सरकारी रस्त्यालगतच्या सुविधा केंद्रांत, एसटीच्या अधिकृत थांब्यांत आपल्या तरुणांचे गाळे किती, हा प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारा. ‘स्टँड अप इंडिया’ योजना २०१६ मध्ये सुरू झाली, १० लाख ते १ कोटीपर्यंतच्या कर्जासाठी. आपल्या तालुक्यात ते कुणाला मिळालं, तेही विचारा.

तिसरी गोष्ट स्वतःला विचारायची आहे. आपल्यापैकी कुणी हॉटेल टाकलं, तर तिथे मातंग, भटका, मुसलमान, सगळे एकाच बाकावर बसतील का? बाई एकटी येऊन निवांत चहा पिईल का? भांडी घासणारं पोर शाळेच्या वयाचं तर नसेल ना? उत्तर हो असेल, तरच आपल्याला त्या जुन्या हॉटेलवाल्यांकडे बोट दाखवता येईल.

जुनी हॉटेलं गेली याचं आम्हाला दुःख नाही आणि आनंदही नाही. हमरस्त्यावरच्या बाकाने आपल्या माणसांना दहा मिनिटांची बरोबरी दिली होती. ती गावात नेऊन कायमची करायचं काम अजून बाकी आहे.

जय भीम!