आराखडा छापण्याआधी

वायव्य युगांडातल्या बिडीबिडीत २०१६पासून दक्षिण सुदानचे निर्वासित राहतात. स्थानिकांनी आपल्या वहिवाटीच्या जमिनी त्यांना घरासाठी, शेतीसाठी दिल्या. मदतीतला ३० टक्के वाटा यजमान गावांना मिळावा, असं तिथलं धोरण आहे. त्यामुळे हातपंपावर दोन्हीकडच्या बायकांचे कॅन एकाच रांगेत लागतात. तरी सरपणावरून, छपराच्या गवतावरून भांडणं होतातच. चुली वाढल्या, झाडं घटली. बोअर कुठे मारायची, रान कुठलं राखायचं, हे दोघांनी एकत्र बसून ठरवायला हवं, आणि तेही मदतीचा आराखडा छापण्याआधी. निर्वासितांच्या रेशनला कात्री लागली आहे. निदान या बैठकांच्या खर्चाला तरी ती लावू नये, असं आम्हाला कळकळीनं वाटतं.