दिलं, पुढे काय?

यंदा सगळ्यात जास्त काय डोक्यात गेलं असेल, तर तो पुठ्ठ्याचा धनादेश. चौघांनी चार कोपरे धरायचे आणि कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. असे फोटो आमच्या संपादकीय टेबलावर सारखे येऊन पडतात. बातमीत रक्कम असते, दानशूर असतात, फेटे असतात. गेल्या वर्षीच्या धनादेशाचं काय झालं, ते तेवढं नसतं. शुद्ध पाण्याचा प्लांट बंद, रुग्णवाहिकेला ड्रायव्हर नाही, सभामंडपाला कुलूप. कुणी पैसे खाल्ले असं आम्ही म्हणत नाही. खाल्ले असते तर निदान चौकशी तरी लागली असती.

 

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात एक नोकर आहे. मालकाने सोपवलेला पैसा त्याने जमिनीत पुरला आणि मागितल्यावर जसाच्या तसा परत केला. चोरी नाही, उधळपट्टी नाही. तरी बोलणी तोच खातो. ख्रिस्ती माणसाच्या हिशेबात धन देवाचं, आपण फक्त कारभार बघायचा. आणि कारभार बघायचा म्हणजे ते नुसतं सांभाळून भागत नाही.

हा हिशेब बारामतीच्या जिरायत पट्ट्याने प्रत्यक्ष पाहिलाय. ऑस्ट्रेलियातल्या 'चर्चेस ऑफ ख्राईस्ट'चं मिशन इथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होतं. 1960 च्या दशकाअखेर दुष्काळ पडला, तेव्हा फाळणीच्या निर्वासितांसाठी 1947 साली उभ्या राहिलेल्या 'कासा' या चर्चच्या संस्थेकडून गहू आणि तेल आलं. रांग लावून वाटलं असतं तरी पुण्य पदरात पडलं असतं. पण ते मजुरी म्हणून दिलं गेलं, पाझर तलावांच्या मातीकामावर. 1967 साली आमदार झालेले शरद पवार त्या खटपटीत होते. पुढे 1971 मध्ये त्यांचे थोरले बंधू अप्पासाहेब पवारांनी कृषी विकास प्रतिष्ठान काढलं. श्रेय कुणाचं किती, यावर पारावर अजून भांडणं लागतात. त्यात आम्हाला पडायचं नाही.

पाझर तलावाला ना मोरी, ना पाट. ओढ्याला आडवा बांध घालायचा आणि पाणी मुरू द्यायचं. ज्याची जमीन बुडते त्याचीच विहीर भरते असं नाही. भरते ती खालच्या अंगाची. देणारा एक, पिणारा दुसरा, आणि मधला सगळा व्यवहार जमिनीच्या पोटात, जिथे कुणाचा फोटो निघत नाही. त्या गव्हामागचा हेतू ज्यांना शोधायचा त्यांनी खुशाल शोधावा. गहू तर केव्हाच खाऊन संपला, बांध राहिला.

त्या बांधांचं आपण काय केलं? कितीतरी तलाव गाळाने भरलेत. 2017 मध्ये सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली, तरी गाळ काढायला गाव जमत नाही, उद्घाटनाला जमतं. आणि जे पाणी ज्वारीला, जनावरांना, घागरीला पुरावं म्हणून मुरवलं, त्याच्यावर बोअर मारून ऊस उभा आहे. शेजारच्या इंदापूरची गत वेगळी नाही. उजनी धरणाच्या पाण्याखाली पळसदेवसारखी गावं गेली. दुसऱ्यांनी घरदार सोडलं म्हणून साठलेलं ते पाणी आपण वडिलोपार्जित असल्यासारखं वापरतो.

यंदाच्या अंकाचा विषय 'वारसा'. आजीच्या पितळी डब्यापासून देवस्थानच्या इनामापर्यंत आणि चर्चच्या आवारापर्यंत मजकूर आत आहे. विषय ठरला तेव्हा हा गहू आमच्या मनात नव्हता. संपादकीय लिहिताना तो वाटेत आला आणि बसला.

आता एक सूचना. पुढच्या वर्षी देणगीची बातमी पाठवणाऱ्यांनी मागच्या देणगीचं आज काय चाललंय, ते चार ओळींत सोबत पाठवावं. प्लांट बंद असेल तर बंद म्हणून लिहावं, आम्ही तेही छापू. नुसता फोटो आला तर जागा मिळणार नाही. हा नियम जाहिरातदारांनाही लागू राहील. व्यवस्थापकांची नाराजी आम्ही ऐकून घेतली आहे.