विश्लेषण : सामना प्रत्यक्ष न पाहता रशियन बचावपटू कसा निवडायचा? आइस हॉकीतील स्काउटचे काम अवघड का झाले?

जून २०२४ मध्ये लास व्हेगासला झालेल्या ‘ड्राफ्ट’मध्ये न्यू जर्सी डेव्हिल्सने दहाव्या क्रमांकावर अँटोन सिलायेव्ह या रशियन बचावपटूला घेतले. वय १८, उंची दोन मीटरहून थोडी अधिक. त्याला निवडणाऱ्या क्लबला तो लगेच मिळणार नव्हता. शिवाय त्याच्या वयोगटातील मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये त्याला पाहण्याची संधीही कोणाला मिळाली नव्हती. मग एवढा मोलाचा क्रमांक त्याच्यावर का खर्च केला? याचे उत्तर पडद्यामागे राहणाऱ्या स्काउटच्या कामात आहे.

ड्राफ्ट म्हणजे काय?

अमेरिका-कॅनडातील नॅशनल हॉकी लीग, म्हणजेच एनएचएलचे ३२ क्लब दरवर्षी तरुण खेळाडूंची पाळीपाळीने निवड करतात. सात फेऱ्या होतात. आयपीएलसारखी बोली इथे लागत नाही. ज्याची पाळी, त्याने एक नाव घ्यायचे. त्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क मग त्याच क्लबकडे राहतो. त्यामुळे कोणते नाव, कितव्या क्रमांकावर घ्यायचे, हे स्काउटच्या अहवालावर ठरते.

बचावपटू पारखणे कठीण का?

आघाडीच्या खेळाडूचे मोल गोलांवरून दिसते. बचावपटूचे मोल न झालेल्या गोलांत असते. तो कुठे उभा राहिला, कोणत्या क्षणी वळला, दबावाखाली पहिला पास कुठे दिला, हे गुणपत्रकात उतरत नाही. सिलायेव्हने २०२३-२४ च्या हंगामात रशियातील अव्वल केएचएल लीगमध्ये ६३ सामने खेळून ३ गोल केले आणि ८ गोलांना साहाय्य केले. आकडा किरकोळ वाटतो. पण १७ वर्षांच्या मुलाला प्रौढ खेळाडूंच्या लीगमध्ये संपूर्ण हंगाम खेळवले जाते, यातच खरी बातमी आहे. तोर्पेदो निझनी नोवगोरोद संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक इगोर लारिओनोव्ह हे स्वतः एनएचएल गाजवलेले खेळाडू. बर्फावर आयुष्य घालवलेल्या माणसाला हे बारकावे चटकन दिसतात. म्हणूनच निवृत्त खेळाडूंना स्काउट म्हणून नेमण्याची पद्धत या खेळात रूढ आहे.

प्रत्यक्ष पाहण्याने काय फरक पडतो?

डेट्रॉइट रेड विंग्जचे स्वीडिश स्काउट हकान अँडरसन १९९० च्या दशकात रशियात गेले ते दिमित्री कॅलिनिन या बचावपटूला पाहायला. पण त्यांची नजर प्रतिस्पर्धी संघातील एका किरकोळ अंगाच्या खेळाडूवर खिळली. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये कॅलिनिनला बफेलोने १८ व्या क्रमांकावर घेतले. तो दुसरा खेळाडू डेट्रॉइटला थेट १७१ व्या क्रमांकावर मिळाला. त्याचे नाव पावेल दात्स्युक. पुढे त्याने दोन स्टॅनले कप जिंकले आणि २०२४ मध्ये त्याचा हॉकी हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. चित्रफितीत आपण ज्याला शोधतो तोच दिसतो. प्रेक्षागृहात बसल्यावर न शोधलेलाही दिसतो.

२०२२ नंतर काय बदलले?

युक्रेनवरील आक्रमणानंतर फेब्रुवारी २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने रशिया आणि बेलारूसच्या संघांवर बंदी घातली. एनएचएलनेही रशियातील व्यावसायिक संबंध थांबवले. अनेक क्लबांनी आपले स्काउट तिथे पाठवणे बंद केले. मात्र रशियन खेळाडूंना ड्राफ्टमधून वगळले गेले नाही. मात्वेई मिचकोव्ह निदान २०२१ मध्ये टेक्सासला झालेल्या १८ वर्षांखालील जागतिक स्पर्धेत जगाला दिसला होता. तिथे तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. सिलायेव्हच्या पिढीला ती संधीच मिळाली नाही. मग उरतात केएचएलच्या चित्रफिती आणि रशियातच राहणारे माहितगार लोक.

गुणवत्तेपलीकडे कोणती जोखीम?

रशियन खेळाडूच्या अहवालात दुसरा प्रश्नही असतो : तो येईल का आणि कधी? सिलायेव्हचा तोर्पेदोशी करार २०२५-२६ च्या हंगामापर्यंत होता. मिचकोव्हचा करारही २०२६ पर्यंतचा होता. त्यामुळे २०२३ मध्ये तो सातव्या क्रमांकापर्यंत घसरला आणि फिलाडेल्फियाच्या हाती लागला. रशियातील करार मुदतीआधी संपल्याने तो २०२४ मध्येच दाखल झाला आणि पहिल्या हंगामात त्याने २६ गोल केले. मात्र याच क्लबशी करार केलेला गोलरक्षक इव्हान फेदोतोव्ह याला जुलै २०२२ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये ताब्यात घेऊन लष्करी सेवेसाठी पाठवण्यात आले. फिलाडेल्फियाला पोहोचायला त्याला २०२४ उजाडले.

हे नवे नाही. मुर्मान्स्कचा बचावपटू व्लादिमीर कॉन्स्टान्टिनोव्ह १९८९ मध्ये डेट्रॉइटने २२१ व्या क्रमांकावर निवडला, तेव्हा तो सोव्हिएत लष्कराच्या संघात होता. लष्करातून सुटका व्हावी म्हणून त्याला कर्करोग झाल्याचे खोटे वैद्यकीय कागद तयार करावे लागले. १९९१ मध्ये तो अमेरिकेत आला आणि १९९७ मध्ये स्टॅनले कप विजेत्या संघाचा आधारस्तंभ ठरला. विजयानंतर सहाच दिवसांनी मोटार अपघातात मेंदूला गंभीर इजा होऊन त्याची कारकीर्द संपली.

नुकसान कोणाचे?

थांबण्याची तयारी असलेल्या क्लबांना ही अनिश्चितता लाभाची ठरू शकते. किरिल काप्रिझोव्हला मिनेसोटाने २०१५ मध्ये १३५ व्या क्रमांकावर घेतले आणि २०२० पर्यंत वाट पाहिली. २०२५ मध्ये त्याच क्लबने त्याच्याशी आठ वर्षांसाठी १३ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला. सिलायेव्हसारखा उंचापुरा, केएचएलमध्ये नियमित खेळणारा मुलगा चित्रफितीतूनही नजरेत भरतो. खरा तोटा दुय्यम लीगमध्ये, छोट्या शहरात खेळणाऱ्या मुलांचा आहे.  आज एखादा स्काउट दुसऱ्याच कोणाला पाहायला तिथे गेलाच नाही, तर पुढचा दात्स्युक कोणाच्याही यादीत नसेल.