डब्यातला पुदिना आणि देवनारची माती

गोवंडीच्या बैंगनवाडीत किंवा शिवाजीनगरात गल्लीतून चालताना जरा वर पाहा. जिन्यावर, पत्र्यावर, खिडकीच्या जाळीत रंगाचे रिकामे डबे आणि तेलाचे कापलेले कॅन दिसतील. त्यांत पुदिना, कोथिंबीर, मिरची. एका खोलीत अख्खे कुटुंब राहते, तरी आपल्या अम्मी-खालांनी हिरवळ सोडलेली नाही. लावलेल्या झाडाचे फळ पाखराने खाल्ले तरी तो सदका ठरतो, हे आपण लहानपणी मदरशात शिकलो.

माझा प्रश्न त्या डब्यातल्या मातीचा आहे. ती येते कुठून? बहुतेक वेळा जवळूनच, नाल्याच्या काठावरून किंवा कुठल्या तरी भरावातून. आणि जवळ आहे देवनारचे डम्पिंग ग्राउंड. १९२७ पासून मुंबईचा कचरा इथे पडतो आहे. जानेवारी २०१६ मध्ये ते पेटले, तेव्हा त्याचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला होता. रफीकनगरसारखी वस्ती तर कचऱ्याच्या भरावाला लागूनच उभी राहिली. लोक इथे हौसेने आले नाहीत. शहराने इतर ठिकाणांहून हटवलेल्या कित्येकांना या दलदलीत आणून सोडले.

कचऱ्यात जुन्या बॅटऱ्या असतात, रंग असतो, इलेक्ट्रॉनिक भंगार असते. त्यातले शिसे कुजत नाही, मातीच्या वरच्या थरात वर्षानुवर्षे बसून राहते. मुळांवाटे ते भाजीत थोडेच जाते. जास्त धोका पानांना चिकटलेल्या धुळीचा आणि मातीत खेळून तोंडात जाणाऱ्या हातांचा. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटात गेलेले शिसे लहान मुलांचे शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शोषते, आणि लोह-कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. म्हणजे ज्या घरात दूध कमी येते, त्याच घरातल्या मुलाच्या मेंदूला धोका मोठा.

प्रत्येक डब्यात शिसे आहेच, असा माझा दावा नाही. ते आहे की नाही हे कळायची साधी सोय नाही, हे माझे दुखणे आहे. सरकारची मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून आहे. तिच्यात १२ घटक तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, सामू, जस्त वगैरे. शिसे त्यात नाही. शिवाय ती शेतकऱ्यासाठी. ज्यांच्याकडे सातबाराच नाही, त्यांनी कुठे जायचे?

तयम्मुमला माती पाक हवी, हे आपल्याला पाठ आहे. शिसे मिसळलेल्या मातीला फिकहमध्ये काय म्हणावे, ते उलेमा सांगतील. पण मुलाच्या ताटात काय जाते, हे विचारायला फतवा लागत नाही. बकरी ईदला देवनारच्या कत्तलखान्यातल्या सोयींसाठी आपली शिष्टमंडळे दरवर्षी पालिकेत जातात. त्याच तयारीने एम-पूर्व विभागातल्या शाळा, अंगणवाड्या आणि मैदानांच्या मातीची जड धातूंसाठी तपासणी मागा. निकाल मराठीत आणि उर्दूत फलकावर लावा, हेही मागा.

तोवर घरी एवढे करा. नाल्याकाठची माती आणि रंगाचे जुने डबे टाळा. रोपवाटिकेतून माती आणा, तीत चांगले खत मिसळा. पालेभाज्या आणि मुळ्यापेक्षा टोमॅटो, वांगी, मिरची बरी, कारण फळात शिसे कमी उतरते. भाजी नीट धुवा, मुलांचे हातही. पुदिना लावायचाच असेल तर आणलेल्या मातीत, नव्या कुंडीत लावा.